ताईंची पांढरी ओळ

रिकामटेकडा हा शब्द मी आजवर बऱ्याच जणांना लावला आहे, त्यात माझा सख्खा भाऊही आला. पण तीर्थपुरीच्या ताईंना तो कुणी लावेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. लावला तो कॉम्प्युटरच्या पडद्याने, आणि त्या पडद्यावर विश्वास ठेवून पुण्यात बसलेल्या एका शहाण्या माणसाने. या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. तरी विषय निघाला की माझं डोकं फिरतं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आमची संस्था गावांच्या पाण्यावर काम करते. मुख्यालय पुण्याला, आमचं ऑफिस अंबडला, बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. मी तिथली समन्वयक. माझ्यासोबत सहा कार्यकर्ते आणि प्रत्येकाकडे एक गाव. गावातल्या विहिरींची पातळी मोजायची, पावसाळा संपला की पाण्याचा हिशोब मांडायचा, तो ग्रामसभेत ठेवायचा आणि रब्बीला कोण काय पेरणार यावरून जी भांडणं होतील ती आधी होऊ द्यायची, मग मिटवायची. उसाचा विषय निघाला की भांडण ठरलेलं. त्यातही अंकुशनगरकडच्या गावात, कारखाना दारात असल्यामुळे, जरा जास्तच.

ताई या सहांतल्या सगळ्यात जुन्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, माहेरी मेंढरं, सासरी थोडी जिरायत जमीन. आवाज असा की ग्रामसभेत माईक लागत नाही. सरपंचाला "तुमी बसा खाली, बायांला बोलू द्या" असं भर सभेत सांगणारी ही बाई. तोंडाने फटकळ, कागदपत्रांच्या बाबतीत गबाळी, आणि माझ्याशी आठवड्यातून एकदा तरी वाजणार हे नक्की. पण ज्या गावात बायका सभेला येत नाहीत तिथे आम्ही ताईंना पाठवतो, आणि बायका येतात. त्या कशा येतात हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक ताईंना टाळण्यापेक्षा सभेला येणं सोपं पडत असावं.

ताईंच्या स्वतःच्या गावाचं काम दिवाळीच्या सुमारास संपलं. चांगलं झालं आणि संपलं. पैसे देणाऱ्यांची मुदतही तिथेच सरली. उरली पाच गावं. ताईंचा करार मार्चअखेरपर्यंत होता, पुढचा मिळणार की नाही ते मुख्यालय ठरवणार होतं. नवरा कारखान्याच्या हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतो, इतर वेळी घरी. मुलगी जालन्याला नर्सिंग शिकत होती. करार गेला असता तर पहिला घाला त्या शिक्षणावर पडला असता, हे ताईंना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि पुण्याला कळवण्याची काही सोय नव्हती. कारण पुण्याला जे काही कळायचं ते आता सॉफ्टवेअरमधूनच कळायचं होतं.

ते सॉफ्टवेअर त्याच हिवाळ्यात आलं. कोणता माणूस कोणत्या प्रकल्पावर किती गुंतलेला आहे हे दाखवणारं. प्रत्येक माणसाची एक आडवी ओळ. माणूस पुरता कामात असेल तर ओळ हिरवी, झेपेल त्याहून जास्त काम असेल तर लाल, काहीच काम नसेल तर पांढरी. अंबडची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण मी एकदा ऑफिसचा प्रिंटर दुरुस्त केला होता. ऑनलाइन प्रशिक्षण देणारे गृहस्थ मोठ्या अभिमानाने म्हणाले की यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे हे तुम्हाला हवं तसं दाखवता येतं. रंग बदला, क्रम बदला, नको ते झाका. प्रत्येकाने आपापला व्ह्यू तयार करा. मला त्या वेळी हे आवडलं होतं. झाकणारा कोण असणार हे विचारायला मात्र सुचलं नाही.

आमच्या कार्यकर्त्यांनी आपापली माहिती भरली आणि अंबडचा तक्ता उघडला. पाच ओळी लालभडक, ताईंची ओळ पांढरीशुभ्र.

हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण ही चूक फक्त आमच्याकडचीच माणसं करू शकतात. कागदावर आमचं एक माणूस, एक गाव असं आहे. प्रत्यक्षात काम वारंगुळ्याने चालतं. आमच्या भागात शेतकरी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबतात, आज सगळे तुझ्या खुरपणीला, उद्या सगळे माझ्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही, मेहनत मेहनतीनेच फेडायची. हाच वारंगुळा. आमचे कार्यकर्ते याच मातीतले, त्यांनी कुणाला न विचारता संस्थेचं कामही तसंच सुरू केलं. शहागडकडच्या गावात विहिरी मोजायच्या असल्या की सगळे तिकडे. अंकुशनगरकडे ग्रामसभा असली की सगळे तिकडे. पुण्याने दिलेल्या नियोजनात हे कुठेच नव्हतं, पण कामं होत होती म्हणून कुणी विचारलंही नव्हतं.

आणि वारंगुळ्याची एक रीत असते. दुसऱ्याच्या रानात दिवसभर वाकून खुरपलं तरी संध्याकाळी कुणी "मी खुरपलं" म्हणत नाही. काम रानवाल्याचं झालं. आपलं नाव पुढे करणं म्हणजे उपकार दाखवणं, आणि उपकार दाखवणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी बोलवत नाही. आमच्या सहाही जणांनी सॉफ्टवेअरमध्ये हीच रीत पाळली. शहागडकडच्या गावातलं सहा जणांचं काम गेलं तिथल्या कार्यकर्त्याच्या, आम्ही ज्यांना भाऊ म्हणतो त्यांच्या नावावर. बाकीच्या गावांतही तेच. ताईंकडे आता गावच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या नावावर काहीच गेलं नाही. पाचही गावांत त्या सगळ्यांच्या आधी पोचत होत्या, आणि पडद्यावर घरी बसून होत्या.

मला हे पाहून राग आला तो नुसता पुण्याचा नव्हता. आम्ही बौद्ध. माझे आजोबा दुसऱ्यांच्या रानात रोजंदारीवर राबले, वडील शिकून मास्तर झाले. आजोबा सांगायचे, आपल्याला वारंगुळ्यात कुणी घेत नव्हतं. आपल्याकडे रान नव्हतं, मग आपल्या मेहनतीची फेड करायची कुठे, हे त्याचं बोलायचं कारण. दुसरं कारण सगळ्यांना माहीत असतं, ते बोलत नाहीत. त्यामुळे वारंगुळ्याचं कौतुक ऐकताना मी कधी फार हरखून जात नाही. ज्याचं रान संपलं तो देत राहतो आणि त्याला परत काही येत नाही, हे मला ताईंच्या पांढऱ्या ओळीत स्पष्ट दिसत होतं.

फेब्रुवारीत पुण्याच्या मॅनेजरांचा कॉल आला. माणूस वाईट नाही. सभ्य, कधी आवाज न चढवणारा, दर वाक्याला मॅडम म्हणणारा. त्यांनी पडद्यावर आमचा तक्ता लावला आणि म्हणाले की तुमचे पाच लोक फारच ओढले जात आहेत आणि एक जण रिकाम्या आहेत. तर त्यांचा करार पुढे न्यायला नको, त्याच पगारात भाऊंना एक सहायक देऊ. भाऊंच्या गावात ताई जे काम करत होत्या, तेच करायला ताईंना काढून दुसरा माणूस आणायचा होता. मी समजावून सांगितलं, वारंगुळाही सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की ही टीम स्पिरिटची गोष्ट खूपच छान आहे, पण डेटात तर काही दिसत नाहीये.

दुसऱ्या दिवशी मी तीर्थपुरी गाठली. ताई अंगणात बसून तूर पाखडत होत्या. मी म्हटलं, पाचही गावांतलं तुमचं काम तुमच्या नावावर भरा, आज, आत्ता, माझ्यासमोर. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"मॅडम, ते काम भाऊचं हाय. दुसऱ्याच्या गावचं मी माझ्या नावावर काहून लावू? उद्या भाऊ तोंडावर म्हणंल, ही बाई आल्ती ती नाव करायला आल्ती."

मी म्हटलं, भाऊ असं म्हणणार नाहीत, आणि म्हणाले तर मी बघते. त्या पाखडतच राहिल्या. मग माझा तोल गेला. मी म्हणाले, तुमच्या या रीतीभातीवर तुमच्या मुलीची फी भरून येणार आहे का? हे मी बोलायला नको होतं, पण बोलले, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. मेंढरांत शिरलेल्या कुत्र्याकडे पाहावं तसं ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"पोरीचं मधी आणू नका. मी पाच गावं तुडवून राह्यले ते पोरीपायी न्हाई. मला घरी करमत न्हाई म्हणून."

तरी त्यांनी भाऊंना फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे मलाही ऐकू यावं. भाऊ पलीकडून नुसते हसले. म्हणाले की ताई, लावा की तुमच्या नावावर, माझी ओळ लाल झाल्यापासून पुण्याहून रोज तब्येतीची चौकशी करून राह्यलेत. मग कुठे ताईंनी सूप ठेवलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. पाच गावं, पाच सारखे वाटे.

ऑफिसला येऊन मी अंबडसाठी नवा व्ह्यू तयार केला. यात दोन दिवस गेले आणि डोळे गेले. गावाप्रमाणे रंग दिले, माणसाच्या ओळीत त्या रंगांच्या पट्ट्या येतील असं जमवलं. ताईंची ओळ आता पाच रंगांची झाली. मी ती मोबाइलवर ताईंना पाठवली. त्यांचं उत्तर आलं, गोधडीवानी दिसून राह्यलं. मी खूश होते. मला वाटलं, संपलं.

पुढच्या कॉलला मॅनेजरांनी त्यांचा पडदा लावला. ताईंची ओळ पांढरी.

मी म्हटलं, तुमचं इंटरनेट हळू आहे का? त्यांनी पान पुन्हा उघडलं. पांढरी. मग त्यांनीच शोधून सांगितलं, अगदी शांतपणे. मुख्यालयाच्या व्ह्यूमध्ये एका चौकोनात टिक होती. माणसाच्या एकूण वेळेतला एखाद्या गावाचा वाटा चौथ्या हिश्शापेक्षा लहान असेल तर तो दाखवायचा नाही. ताईंचे पाचही वाटे त्याखाली होते, म्हणून पाचही गेले. मी विचारलं, असं झाकायचं कारण काय? ते म्हणाले, बारीक तुकडे झाकले की तक्ता स्वच्छ दिसतो, विश्वस्तांना वाचायला बरा पडतो.

स्वच्छ हा शब्द माझ्या डोक्यात गेला. उन्हातान्हात पाच गावं पालथी घालणारी बाई म्हणजे केर होता का, की झाडून टाकल्यावर स्वच्छ दिसावं? मी हे बोलले, याच शब्दांत बोलले. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही पर्सनली घेताय. मी म्हटलं, ती टिक काढा. ते म्हणाले, हा व्ह्यू सगळ्या जिल्ह्यांना एकच आहे, एका व्यक्तीसाठी मुख्य व्ह्यू बदलता येत नाही. मग ताईंना एखाद्या गावावर पुरतं दाखवू? तेही चालणार नव्हतं, एका गावावर पूर्णवेळ कार्यकर्ता एकच हा पैसे देणाऱ्यांचा नियम. आणि मी केलेला रंगीत व्ह्यू? तो छान आहे म्हणाले, पण तो तुमचा लोकल आहे, विश्वस्तांकडे जातो तो आमचाच. म्हणजे ज्याला हवं तसं त्याने पाहावं, फक्त ठरवणाऱ्याने पाहायचं ते ठरवणाराच निवडणार. एवढं कळायला मी दोन दिवस रंग भरत बसले होते.

सोमवारी सगळे बैठकीला अंबडला येतात. मी जे झालं ते सांगितलं, काही न गाळता. ताई खिडकीशी बसल्या होत्या, त्या पहिल्यांदाच बैठकीत काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की खोली मोठी वाटायला लागते. भाऊ बराच वेळ मोबाइलवर आपली लाल ओळ वरखाली करत होते. मग म्हणाले,

"मॅडम, मी तरी कुठं एका गावात काम करतो? अंकुशनगरकडं मागच्या हप्त्यात मीच गेल्तो. आमचं बी खरं लिहा मंग. पाची गावांत सारखं."

मला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा मी खुर्चीवरून उठले. त्यात खोटं काहीच नव्हतं. उलट आजवर भरलेलं होतं तेच खोटं होतं. सहाही जण पाचही गावांत सारखेच राबत होते. खरं लिहिलं की प्रत्येकाचा वाटा पाचवा, आणि पाचवा म्हणजे चौथ्याहून लहान.

अंकुशनगरची कार्यकर्ती सगळ्यांत नवी. तिने जे विचारायला हवं होतं ते विचारलं. आपण सगळेच पांढरे झालो आणि पुण्याने सगळ्यांनाच काढलं तर? मी म्हटलं, तसंही होऊ शकतं. ताई उठल्या आणि चपला शोधायला लागल्या. माझ्यापायी कुणाच्या पोटावर पाय नको, बिलकुल नको, मी चालले, असं काहीसं बडबडत होत्या. भाऊ दारात आडवे उभे राहिले.

"ताई, माझ्या गावात पहिल्या सभेला एक बी बाई न्हवती. तुमी आल्या तवा बाया आल्या. तवा मी तुमाला काय दिलं? आता देऊ द्या."

ताई खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यावरून त्या भाऊंवरच खेकसल्या, की असलं काही बोलायचं असलं तर बाहेर बोलत जा. अंकुशनगरच्या मुलीने सगळ्यांत आधी मोबाइल काढला. मग बाकीच्यांनी. मला त्या माणसांचा इतका अभिमान वाटला की मी चहा सांगायला म्हणून खाली गेले आणि बियाण्याच्या दुकानात उगाच उभी राहिले.

दोन दिवसांनी सकाळी मॅनेजरांचा फोन आला. दुपारी विश्वस्तांची बैठक होती. आवाज नेहमीसारखाच सभ्य, पण जरा घाईतला. म्हणाले, मॅडम, अंबडचं पूर्ण ऑफिस रिकामं दिसतंय. एकही माणूस कामावर नाही.

मी म्हटलं, हो, ताई दिसत होत्या तसंच ना?

ते म्हणाले, काहीतरी टेक्निकल प्रॉब्लेम झाला आहे. मी म्हटलं, प्रॉब्लेम नाही, माहिती खरी आहे, पाचपैकी कुठल्याही गावात फोन करून विचारा. पलीकडून माउसचा आवाज आला. मग म्हणाले, हां, आता बरोबर दिसतंय, ती टिक काढली. मी माझा पडदा उघडून त्यांचा व्ह्यू पाहिला. सहा ओळी, सहाही पाच पाच पट्ट्यांच्या, ताईंची धरून. माझ्या कपातला चहा अजून गरमच होता. एवढ्याच कामासाठी ताई महिनाभर उद्याच्या काळजीत होत्या, आणि पाच माणसांनी आपल्या नोकऱ्या पणाला लावल्या होत्या.

मॅनेजर म्हणाले की या चित्राप्रमाणे तर ताईंचं कामही इतरांएवढंच आहे, त्यांच्या कराराचं पत्र याच आठवड्यात पाठवतो. मी आभार मानले नाहीत. मी विचारलं, ही टिक तुम्हाला मागच्या वेळीही काढता येत होती, मग तेव्हा का नाही काढली?

त्यांनी जरा विचार केला आणि अगदी सरळपणे उत्तर दिलं. त्यात राग नव्हता, खोटेपणा नव्हता, टोमणाही नव्हता.

"तेव्हा एकाच माणसाचा प्रश्न होता ना, मॅडम."

करार झाल्याचं मी ताईंना लगेच कळवलं. हे वाक्य मात्र सांगितलं नाही. ते मला अजून गिळता आलेलं नाही.